जबड्याचे स्नायू

जबड्याचे स्नायू : कवटीच्या स्थिर हाडांपासून निघून खालच्या जबड्याच्या हाडाला (अधोहन्वस्थीला) चिकटणाऱ्या आणि त्या हाडाची उघडझाप, पुढेमागे सरकणे व बाजूला कलणे या हालचाली घडवून आणणाऱ्या स्नायूंना जबड्याचे स्नायू किंवा चर्वण स्नायू म्हणतात. वरचा जबडा कवटीशी एकजीव असल्यामुळे चावताना हलतो तो केवळ खालचा जबडा. चर्वण स्नायूंच्या मुख्य जोड्या चार आहेत : चर्वणक, शंखक, अंतःस्थ पक्षक आणि बाह्यस्थ पक्षक. त्यांच्या जोडीला हनुवटी व कंठिकास्थी यांच्या दरम्यान असलेले काही लहान स्नायू तोंड उघडण्याच्या कामी मदत करतात. अन्न चावणे हे या स्नायूंचे उघड दिसणारे काम असले, तरी बोलणे, गिळणे, जांभई देणे आणि माणूस स्वस्थ बसलेला असताना जबडा लोंबकळू न देणे ही कामेही त्यांचीच आहेत.

दात घट्ट आवळून एका हाताची बोटे कानशिलावर व दुसऱ्या हाताची बोटे गालाच्या मागील भागावर ठेवल्यास दोन ठिकाणी कठीण गोळे उभे राहिलेले जाणवतात. कानशिलावरचा गोळा शंखक स्नायूचा आणि गालावरचा चर्वणकाचा असतो. उरलेल्या दोन जोड्या खालच्या जबड्याच्या आतील बाजूस खोलवर असल्यामुळे बाहेरून हाताला लागत नाहीत. त्यांच्याविषयीचे ज्ञान दीर्घकाळ अपुरे राहिले, त्याचे हे एक कारण होय.

शारीर : चर्वणक हा जाड, चौकोनी व अत्यंत बळकट स्नायू गालाच्या हाडाच्या कमानीपासून निघून खालच्या जबड्याच्या उभ्या शाखेच्या बाहेरील पृष्ठभागावर व कोनावर चिकटतो. त्याचे वरवरचे तंतू तिरपे खाली व मागे जातात, तर खोल थरातील तंतू जवळजवळ उभे असतात. स्नायूच्या अंतर्भागात कंडरांचे (स्नायुबंधांचे) पडदे असून तंतू त्यांना पिसाच्या केसांप्रमाणे तिरपे जोडलेले असतात. या मांडणीमुळे थोड्या जागेत पुष्कळ तंतू मावतात. स्नायूचे आखडण्याचे अंतर त्यामुळे कमी होते, पण बल वाढते.

शरीरातील दृश्य अवयवांचे वर्णन शंभर वर्षांपूर्वीच पुरे झाले, आता नवे काही मिळायचे नाही, असा एक समज आहे. स्वित्झर्लंडमधील बाझेल विद्यापीठातील सिल्व्हिया मेझे, येन्स क्रिस्टॉफ ट्यूर्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ च्या अखेरीस चर्वणकाच्या एका तिसऱ्या, सर्वांत खोल थराचे वर्णन प्रसिद्ध केले. हा थर शंखास्थीच्या कमानीकडील भागापासून निघून खालच्या जबड्याच्या पुढील टोकदार प्रवर्धावर चिकटतो व त्या प्रवर्धाला मागे, कानाच्या दिशेने ओढू शकतो. जुन्या काही ग्रंथांत अशा थराचे अस्पष्ट उल्लेख होते, परंतु त्यांत एकवाक्यता नव्हती. रोज हजारो विद्यार्थी विच्छेदनाच्या टेबलावर जो स्नायू उलगडतात, त्याच्याबाबतीत हे घडावे, ही गोष्ट शारीराच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

शंखक स्नायू पंख्याच्या आकाराचा असून कवटीच्या बाजूवरील उथळ खोलगट भाग व्यापतो. त्याचे सर्व तंतू एकत्र येत गालाच्या हाडाच्या कमानीखालून जातात आणि उभ्या शाखेच्या पुढील टोकदार प्रवर्धावर चिकटतात. पुढचे तंतू उभे असल्यामुळे जबडा वर उचलतात; मागचे तंतू जवळजवळ आडवे असल्यामुळे पुढे आलेला जबडा मागे खेचतात. अंतःस्थ पक्षक हा जणू चर्वणकाचे आतील बाजूचे प्रतिबिंबच होय. कवटीच्या तळाशी असलेल्या जतुकास्थीच्या पंखासारख्या पट्टीच्या आतील बाजूपासून तो निघतो व जबड्याच्या कोनाच्या आतील पृष्ठभागावर चिकटतो. चर्वणक बाहेरून व अंतःस्थ पक्षक आतून अशा रीतीने जबड्याचा कोन झोळीत धरल्यासारखा पेललेला असतो.

बाह्यस्थ पक्षकाची रचना इतर तिघांहून वेगळी आहे. त्याचे तंतू आडवे, पुढून मागे जातात. त्याला दोन शीर्षे असून खालचे शीर्ष पंखासारख्या पट्टीच्या बाहेरील पृष्ठभागापासून व वरचे कवटीच्या तळापासून निघते. दोन्ही शीर्षे जबड्याच्या अस्थिकंदाच्या मानेवर येऊन मिळतात, आणि वरच्या शीर्षाचे काही तंतू सांध्याच्या संपुटावर व त्यातील कास्थिसम चकतीवरही चिकटतात. तोंड मोठे उघडताना अस्थिकंद केवळ जागच्या जागी फिरत नाही, तर चकतीसह पुढे व खाली घसरतो. कानासमोर बोट ठेवून तोंड उघडल्यास ही घसरण जाणवते. खालचे शीर्ष ही ओढ देते. एकाच बाजूचे शीर्ष आखडले, तर हनुवटी विरुद्ध बाजूला वळते. अस्थिकंद उंचवट्याच्या फार पुढे गेला, तर जबडा निखळतो आणि मग मिटवणारे बळकट स्नायूच आखडून त्याला त्या चुकीच्या जागी अडकवून ठेवतात. जांभई देताना असा जबडा निखळलेला रोगी तोंड मिटू शकत नाही, आणि जबडा पुन्हा बसवताना वैद्याला तो आधी खाली व मग मागे ढकलावा लागतो.

चारही जोड्यांना पाचव्या मस्तिष्क तंत्रिकेच्या (त्रिमूल तंत्रिकेच्या) अधोहनु शाखेतून प्रेरक तंतू मिळतात, कारण हे सर्व स्नायू गर्भाच्या पहिल्या ग्रसनी कमानीपासून उत्पन्न होतात. तोंड उघडणाऱ्या द्विपिंडी स्नायूचा इतिहास यापेक्षा गमतीदार आहे. त्याचा पुढचा भाग पहिल्या कमानीपासून आणि मागचा दुसऱ्या कमानीपासून बनतो. म्हणून पुढच्या भागाला त्रिमूल तंत्रिका व मागच्याला सातवी, म्हणजे आनन तंत्रिका पुरवठा करते. घास दाढांखाली ढकलणारा गालाचा स्नायूही आनन तंत्रिकेच्या ताब्यात असतो. चेहऱ्याचा अर्धांगवायू झालेला रोगी चावू शकतो, मात्र घास गालात अडकून राहतो, तो यामुळेच.

यांत्रिकी व तंतूंचे प्रकार : जबड्याची तुलना अनेकदा अडकित्त्याशी केली जाते. ती अर्धीच बरोबर आहे. अडकित्त्यात सुपारी बिजागरी व हात यांच्यामध्ये असते. जबड्यात स्नायूचे बल सांधा व दात यांच्यामध्ये लागू होते. तेव्हा जबड्याला चिमट्याची उपमा अधिक योग्य ठरेल. दोन्ही साधनांत एक गोष्ट समान आहे : पदार्थ बिजागरीच्या जितका जवळ, तितके त्यावर पडणारे बल अधिक. म्हणून ऊस पुढच्या दातांनी सोलला, तरी कठीण कांडे फोडायला दाढाच लागतात. निरोगी तरुण पुरुष दाढांवर सुमारे ५०० ते ७०० न्यूटन, म्हणजे साधारण ५० ते ७० किग्रॅ. वजनाइतके बल लावू शकतो. समोरच्या दातांवर ते याच्या अंशानेच असते. नेहमीच्या जेवणात मात्र या क्षमतेचा थोडाच भाग वापरला जातो. स्नायूंचे परस्परप्रमाण प्राण्याच्या आहाराप्रमाणे बदलते. मांजर, वाघ यांसारख्या मांसाहारी प्राण्यांत शंखक मोठा असतो, तर गाय, घोडा यांसारख्या तृणभक्षकांत अन्न बाजूला घासून दळणारे चर्वणक व अंतःस्थ पक्षक प्रबळ असतात.

हे स्नायू तंतूंच्या बाबतीतही हातापायांच्या स्नायूंपेक्षा निराळे आहेत. हातापायांच्या स्नायूंत सामान्यतः जलद तंतू मंद तंतूंपेक्षा जाड असतात. माणसाच्या चर्वणकात याच्या उलट, मंद तंतू जाड व जलद तंतू बारीक आढळतात. हृदयाच्या स्नायूत किंवा गर्भावस्थेत सापडणारे मायोसीन प्रथिनाचे काही प्रकार प्रौढ चर्वणकात टिकून राहतात. २००४ मध्ये हॅन्सेल स्टेडमन व सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की, माकडांच्या जबड्याच्या स्नायूंत कार्यरत असलेले मायोसीनाचे एक जनुक (एमवायएच १६) माणसात उत्परिवर्तनामुळे निकामी झालेले आहे. हा बदल सुमारे २४ लाख वर्षांपूर्वी घडला व स्नायूंचा कवटीवरील ताण घटल्यामुळे मेंदूच्या वाढीला वाव मिळाला, असे त्यांनी सुचविले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने हा काळ सुमारे ५३ लाख वर्षांपर्यंत मागे नेला. जनुक निकामी झाले आहे, याविषयी मतभेद नाही. परंतु त्याचा मेंदूच्या आकाराशी जोडलेला संबंध हे तर्काचेच काम राहिले आहे.

विद्युत् क्रिया : विश्रांतीच्या स्थितीत स्नायुतंतूच्या आतील बाजू बाहेरच्या तुलनेने ऋण असते व दोहोंतील वर्चस् सुमारे ८० ते ९० मिलिव्होल्ट असते. प्रेरक तंत्रिकेतून आवेग आला की तिच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे द्रव्य बाहेर पडते, सोडियमाचे आयन तंतूत शिरतात आणि वर्चस् क्षणभर उलटते. ही उलथापालथ (क्रिया वर्चस्) तंतूवरून दोन्ही दिशांना सेकंदाला सुमारे ३ ते ५ मी. वेगाने पसरते व तिच्यामागोमाग तंतू आखडतो [⟶ स्नायू]. एक प्रेरक तंत्रिका कोशिका व तिने चालविलेले सर्व तंतू मिळून एक प्रेरक एकक होते. चर्वणक व शंखक यांच्या एककांत शेकडो तंतू असू शकतात, परंतु ते सबंध स्नायूभर विखुरलेले नसून लहानशा क्षेत्रात एकवटलेले असतात. त्यामुळे एकाच स्नायूचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेळी कामाला लागू शकतात. शंखकाच्या पुढच्या व मागच्या भागांची कामे भिन्न असणे यामुळेच शक्य होते.

अनेक तंतूंच्या क्रिया वर्चसांची बेरीज विद्युत् अग्रांच्या साहाय्याने टिपणे यास विद्युत् स्नायुलेखन म्हणतात. बेडकाच्या पायावरील लुईजी गॅल्व्हानी यांच्या प्रयोगांचा (१७९१) वारसा सांगणारे हे तंत्र ई. डी. एड्रियन व डी. डब्ल्यू. ब्राँक यांनी १९२९ मध्ये सुईसारखे समकेंद्री विद्युत् अग्र वापरात आणल्यावर खऱ्या अर्थाने उपयुक्त झाले. दंतवैद्यकात त्याचा उपयोग रॉबर्ट मॉयर्स यांनी १९४९ मध्ये वेड्यावाकड्या दातांच्या रोग्यांवर केला. डेन्मार्कमधील आयगिल मलर यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेला चर्वणयंत्रणेचा विस्तृत अभ्यास आजही आधारभूत मानला जातो.

चर्वणक व शंखक त्वचेखालीच असल्यामुळे त्यांची क्रिया त्वचेवर चिकटवलेल्या अग्रांनी टिपता येते. हे संकेत मायक्रोव्होल्टांपासून काही मिलिव्होल्टांपर्यंत असतात. पक्षक स्नायूंसाठी मात्र सुई किंवा बारीक तार खोल घालावी लागते, आणि ती नेमकी हव्या त्या शीर्षातच पोहोचली आहे याची खातरी करणे अवघड असते. बाह्यस्थ पक्षकाचे वरचे शीर्ष तोंड मिटताना व खालचे उघडताना काम करते, म्हणून ते दोन स्वतंत्र स्नायूच समजावेत, असे मत बराच काळ पाठ्यपुस्तकांत होते. सुईची जागा संगणकीय क्ष-किरण चित्रणाने पडताळून केलेल्या नंतरच्या प्रयोगांनी ही सरळ विभागणी डळमळीत केली आहे.

चावण्याच्या एका आवर्तनाचा लेख पाहिला, तर प्रथम द्विपिंडी व बाह्यस्थ पक्षकाचे खालचे शीर्ष यांत क्रिया दिसते. या वेळी मिटवणारे स्नायू जवळजवळ शांत असतात. जबडा वर येऊ लागला की चर्वणक, शंखक व अंतःस्थ पक्षक यांची क्रिया हळूहळू सुरू होते, घासाचा विरोध जाणवताच झपाट्याने वाढते आणि दात एकमेकांत बसण्याच्या सुमारास शिखर गाठते. दातांवरील बलाचे शिखर विद्युत् शिखरानंतर काही मिलिसेकंदांनी येते, कारण तंतूचे उद्दीपन व त्याचे प्रत्यक्ष आखडणे यांत थोडा अवधी जातो. असे आवर्तन साधारणपणे सेकंदाला एक किंवा किंचित अधिक वेळा होते. ज्या बाजूने चावले जाते, तिकडच्या चर्वणकाची क्रिया सामान्यतः अधिक असते. आपण दोन्ही बाजूंनी सारखेच चावतो असे बहुतेक जण सांगतात. विद्यार्थ्यांच्या प्रयोगवर्गात शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा दिला की लेखावरील एका बाजूचे उंच सुळके काही वेगळेच सांगू लागतात. दात सारख्या जोराने आवळून ठेवल्यास बल व विद्युत् क्रिया यांचे प्रमाण बहुतांशी सरळ असते. स्नायू थकू लागला की संकेतातील कंप्रता कमी कंप्रतांकडे झुकते.

प्रतिक्षेप व लय : तोंड थोडे उघडे ठेवून हनुवटीवर हलकेच ठोकल्यास जबडा झटकन वर येतो. गुडघ्याच्या प्रतिक्षेपासारखीच ही क्रिया असून तिला लागणारा वेळ सुमारे ७ ते ८ मिलिसेकंद असतो. स्नायूतील चातीच्या आकाराची संवेदी इंद्रिये (स्नायुतर्कू) ताणली गेल्यामुळे ती घडते. हे तर्कू मिटवणाऱ्या स्नायूंत विपुल, तर उघडणाऱ्या स्नायूंत जवळजवळ नसतातच. त्यांच्या संवेदी कोशिकांची जागाही नेहमीहून वेगळी आहे. शरीरात इतरत्र अशा कोशिका मेंदू व मेरुरज्जू यांच्या बाहेर, गुच्छिकांत असतात. जबड्यातील तर्कूंच्या कोशिका मात्र प्रत्यक्ष मध्यमस्तिष्कापर्यंत पसरलेल्या एका केंद्रकात असतात. हा प्रतिक्षेप फाजील तीव्र झाला, तर सेतूच्या वरच्या पातळीवर दोन्ही बाजूंच्या प्रेरक मार्गांना इजा झाली असावी, असे अनुमान तंत्रिका तज्ञ काढतो.

याच्या उलट प्रकार भातातील खड्याचा. खडा दाताखाली येताच जबडा विचार करण्यापूर्वीच थबकतो. दात आवळलेले असताना ओठाजवळच्या तंत्रिकेला किंवा दाताला उद्दीपन दिल्यास चर्वणकाच्या लेखात सुमारे १० ते १३ मिलिसेकंदांनी एक व ४० ते ५० मिलिसेकंदांच्या सुमारास दुसरा, असे दोन मूक काल दिसतात. मांजरात अशा वेळी द्विपिंडी स्नायू जबडा झटक्याने उघडतो. माणसात मिटवणाऱ्या स्नायूंचे केवळ निरोधन होते, पण दात व जीभ वाचवायला ते पुरेसे ठरते.

चार्ल्स शेरिंग्टन यांना १९१७ मध्ये मांजरावरील प्रयोगांवरून असे वाटले की, उघडण्याचा व मिटण्याचा असे दोन प्रतिक्षेप एकमेकांना आळीपाळीने जागे करतात आणि त्यातून चर्वणाची लय उत्पन्न होते. पी. जी. डेलो व जे. पी. लुंड यांनी १९७१ मध्ये सशांचे स्नायू औषधाने पूर्ण लुळे केले. जबडा हलतच नसल्यामुळे प्रतिक्षेप जागे होण्याचा प्रश्नच उरला नाही. तरीही मेंदूला उद्दीपन देताच प्रेरक तंत्रिकांतून चर्वणाचे लयबद्ध आवेग येत राहिले. यावरून लय निर्माण करणारे केंद्र मस्तिष्क स्तंभातच असते व दात, गाल आणि स्नायू यांकडून येणाऱ्या संवेदना त्या लयीला घासागणिक वळण देतात, हे सिद्ध झाले.

विकार : दातखीळ बसणे हे धनुर्वाताचे बहुधा पहिले लक्षण असते. धनुर्वाताच्या जंतूंचे विष प्रेरक तंत्रिकांतून उलट दिशेने वर चढते. चर्वण स्नायूंच्या तंत्रिका आखूड असल्यामुळे ते त्यांच्या केंद्रकापर्यंत लवकर पोहोचते व निरोध करणाऱ्या द्रव्यांचे स्रवण बंद पाडते. त्यामुळे विद्युत् लेखात प्रेरक एककांची क्रिया अखंड चालू दिसते आणि वर सांगितलेला मूक काल आखूड होतो किंवा नाहीसा होतो. नवजात अर्भकांच्या धनुर्वातात बाळाला दूध ओढता न येणे हे पहिले चिन्ह असते. माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन भारतात झाल्याचे २०१५ मध्ये मान्य झाले. जखमेतून होणारा धनुर्वात मात्र लस न घेतलेल्यांत आजही होतो [⟶ धनुर्वात].

गंभीर स्नायुदौर्बल्यात याउलट चित्र दिसते. रोगी जेवायला बसतो तेव्हा ठीक असतो, पण अर्ध्या जेवणात जबडा थकतो व हनुवटीला हाताचा आधार द्यावा लागतो. झोपेत दात खाणे हा प्रकार फार आढळतो. झोपेत जबड्याच्या स्नायूंची लयबद्ध क्रिया अनेक निरोगी माणसांतही होत असते व ती बहुधा झोपेच्या क्षणिक चाळवण्याशी निगडित असते. म्हणून दात झिजत नसतील व वेदना नसेल, तर तिला रोग मानण्याचे कारण नाही. मुलांच्या बाबतीत आपल्याकडे दात खाण्याचा दोष जंतांवर टाकण्याची रूढी आहे. तेवढ्यावरून जंताचे औषध देणे योग्य नव्हे.

जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यात विद्युत् स्नायुलेखनाचा निदानासाठी झालेला वापर हा वादाचा विषय आहे. एके काळी लांबलेला मूक काल किंवा विश्रांतीतील वाढलेली क्रिया ही या दुखण्याची खूण समजली गेली. परंतु अग्रांची जागा, त्वचेखालील चरबी, वय, चेहऱ्याची ठेवण व शेजारच्या स्नायूंचे मिसळणारे संकेत यांमुळे निरोगी माणसांतच आकड्यांची तफावत फार मोठी पडते. जे. पी. लुंड व सी. जी. विड्मर यांनी १९८९ मध्ये अशा पुराव्याची कठोर छाननी केली. तिच्यातून या वापराला आधार मिळाला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते केवळ अशा लेखावर विसंबून निरोगी दातांची पृष्ठे घासणे समर्थनीय नाही. घासलेले दंतवल्क पुन्हा येत नाही. दुखणे मात्र बहुतेक रोग्यांत विश्रांती, मऊ आहार, शेक व व्यायाम अशा साध्या उपायांनी कमी होते.

तोंड न उघडण्याचे प्रत्येक कारण स्नायूंत नसते. प्रौढात तोंड पूर्ण उघडल्यावर वरच्या व खालच्या पुढच्या दातांत सुमारे ४० ते ५५ मिमी. अंतर पडते, रोग्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात का, हे पाहणे ही त्याची सोपी चाचणी होय. सुपारी व गुटखा चघळणाऱ्यांत गालाच्या श्लेष्मकलेखाली तंतुमय ऊतक साचून हे अंतर वर्षागणिक घटत जाते. भारतात या विकाराचे वर्णन एस्. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये केले. हा विकार कर्करोगपूर्व समजला जातो, आणि महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आल्यानंतरही त्याचे रोगी येतच आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी दोन प्रकारांतील फरक ओळखणे बधिरीकरण तज्ञाला फार महत्त्वाचे असते. स्नायूंच्या आकुंचनामुळे मिटलेले तोंड स्नायू शिथिल करणारे औषध दिल्यावर सामान्यतः उघडते. तंतुमय पट्ट्यांनी आवळलेले तोंड त्या औषधानेही उघडत नाही, रोग्याचा श्वास मात्र थांबलेला असतो. म्हणून अशा रोग्यात श्वासनलिकेत नळी घालण्याचे काम तो जागा असतानाच, नाकातून लवचिक दुर्बिणीच्या मार्गदर्शनाने करतात.